महिंद, औट आणि अडीच घटका

प्रश्न असा आहे : श्रीलंकेत जेमतेम पाच दिवस टिकलेला सिंहल राजा सहावा महिंद ‘आउटघटकेचा राजा’ होता, असं लिहावं का?

आधी ते ‘आउट’ पुसा. गेली काही वर्षं हे सतत कानावर येतंय, जणू घटका भरली की पंच बोट वर करतो! शब्द आहे औट. औट म्हणजे साडेतीन. आपल्या आजोबांनी दिडकी, अडीचकीनंतर औटकी घोकलेली आहे. संस्कृत अर्धचतुर्थ, प्राकृत अद्धुट्ठ, मराठी औट. गंमत पाहा : तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, म्हणून ‘अर्धा चौथा’. अडीचही तसाच, अर्धतृतीय. आपण चढती मोजत नाही, पुढच्या आकड्याला अर्ध्यात धरतो. पालीत हाच शब्द अड्ढुड्ढ होतो. सिंहल भिक्षूंच्या महावंस या पाली बखरीत, सुवर्णभूमीत साडेतीन हजार कुलपुत्रांनी प्रव्रज्या घेतली तिथे, तो भेटतो. म्हणजे महिंदाची हकिगत लिहिणाऱ्या भिक्षूला आपला औट समजावून सांगावा लागला नसता.

साडेतीनच का? माझं मत विचाराल तर हे देहाचं माप आहे. संतांनी देहाला औट हात म्हटलं. जेवढा माणूस तेवढंच त्याचं राज्य. कोशात हे सापडणार नाही, पण मी ते सोडणारही नाही. आणि कृपा करून हुमायूनचा भिश्ती, जीव वाचवल्याबद्दल गादीवर बसवलेला तो पखालवाला, इथे आणू नका. हिंदीतली बादशाही ‘ढाई दिन की’, आपली औट घटकांची. अडीच आणि साडेतीन, दिवस आणि घटका, यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांनी व्युत्पत्ती सांगू नये.

हां, महिंद. राजा पराक्रमबाहू 1186 मध्ये वारला, भाचा दुसरा विजयबाहू गादीवर आला. हा विद्वान, कवी. मामाने कोंडलेले कैदी त्याने सोडले, ब्रह्मदेशाच्या राजाला स्वतः मागधीत, म्हणजे पालीत, पत्र लिहिलं. वर्षभरात महिंदाने दीपनी नावाच्या गवळ्याच्या पोरीच्या मदतीने त्याचा घात केला. पण सेनापती, अमात्य कुणी वळेना. पाच दिवसांत उपराजा कीर्ती निस्संकाने महिंदाला संपवलं. हे सगळं चूळवंसाच्या, म्हणजे महावंसाच्या पुढच्या भागाच्या, मोजक्या श्लोकांतून कळतं. राजधानी पोळोन्नरुवात दगडादगडावर लेख आहेत ते मारणाऱ्याचे, निस्संकमल्लाचे.

आता हिशेब. घटका 24 मिनिटांची, औट घटका म्हणजे 84 मिनिटं. पाच दिवसांच्या 300 घटका. त्यात 85 औटघटका बसतात आणि उरतात किती? अडीच! (मी दोनदा करून पाहिलं.)

वाक्प्रचार म्हणून महिंदाला खुशाल लावा, फक्त औट लिहा. अर्थात त्याहून हक्काचा मानकरी निस्संकमल्लाचा मुलगा वीरबाहू. 1196 मध्ये बसला आणि चूळवंसाच्या मते एकच रात्र राज्य करून मेला. रात्र धरा 30 घटकांची. औटकी येत असेल तर पुढचं तुम्हीच करा.