न्यू जर्सीत स्वतःची वाईन नेता येईल असं रेस्टॉरंट कसं शोधावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: आई-बाबा नाशिकहून एडिसनला आलेत, त्यांच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस आहे, बाबांनी बॅगेतून नाशिकची एक बाटली आणली आहे आणि ती बाहेर जेवताना उघडायची आहे. अशी रेस्टॉरंटं शोधायची कशी, बाटली घेऊन आत गेलं तर कुणी अडवेल का, आणि वेगळे पैसे पडतील का?

बाटली खुशाल घेऊन जा. महाराष्ट्रात परवाना नसलेल्या हॉटेलात ग्राहकाला दारू पिऊ देणं हा गुन्हा आहे, त्यामुळे आपल्याला बाटली हातात घेऊन आत शिरायचा संकोच वाटतो. न्यू जर्सीत गणित उलटं आहे. इथे परवाना नसलेल्या रेस्टॉरंटातच बाटली नेतात, आणि या प्रकाराला सगळे बीवायओबी (BYOB, ‘ब्रिंग युवर ओन बॉटल’, म्हणजे आपली बाटली आपणच आणा) म्हणतात.

याचं कारण माहीत असलं की शोधणं सोपं जातं. १९४७ च्या कायद्यानुसार इथल्या गावांना दर ३,००० लोकसंख्येमागे रेस्टॉरंट-बारचा एकच नवा परवाना देता येतो. जुने परवाने हातोहात विकले जातात आणि चांगल्या वस्तीच्या गावात त्यांची किंमत १० लाख डॉलरच्याही पुढे जाते. जानेवारी २०२४ मध्ये नुसते पडून राहिलेले परवाने वापरात यावेत म्हणून कायद्यात बदल झाला, पण लोकसंख्येचा तो हिशोब तसाच आहे. आता तीस-चाळीस खुर्च्यांचं छोटं रेस्टॉरंट काढणाऱ्या शेफने एवढे पैसे आणायचे कुठून? तो परवान्याच्या नादी लागत नाही. जे काही आहे ते चुलीपाशी आणि ताटात घालतो, आणि वाईन ज्याची त्याने आणावी म्हणतो. माझं तर स्पष्ट मत आहे की या राज्यातलं मनापासून केलेलं जेवण बहुतेक वेळा अशाच ठिकाणी मिळतं. त्यामुळे ‘बाटली चालेल असं रेस्टॉरंट’ शोधायला जाऊ नका. आवडेल असं छोटं, मालक स्वतः स्वयंपाकघरात उभा असलेलं रेस्टॉरंट शोधा. बाटली तिथे बहुधा चालतेच.

नियम थोडेच आहेत, पण पक्के आहेत. परवाना नसलेल्या ठिकाणी फक्त वाईन आणि बिअर नेता येते. व्हिस्की, रम, व्होडका अजिबात नाही, तेव्हा ड्युटी फ्रीची स्कॉच घरी राहू द्या. पिणाऱ्याचं वय २१ पूर्ण हवं. ग्लास आणि बर्फ रेस्टॉरंट देऊ शकतं. आणि तुमच्या पैशांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे अशा ठिकाणी बाटली उघडण्याचे पैसे, ज्याला कॉर्केज म्हणतात, घ्यायला कायद्यानेच बंदी आहे. बिलात तसं काही दिसलं तर शांतपणे विचारा, ते काढून टाकतील. परवाना असलेल्या रेस्टॉरंटांची गोष्ट वेगळी. त्यांचा धंदाच वाईनवर चालतो, त्यामुळे मॉलमधल्या मोठ्या साखळी रेस्टॉरंटांत बाटली घेऊन जाऊच नका.

दारावर पाटी असेल या भरवशावरही राहू नका. ‘आपली वाईन आणा’ अशी जाहिरात करायलाच पूर्वी इथे मनाई होती. २०१८ मध्ये फेडरल न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली, पण कित्येक जुन्या मालकांनी त्यानंतरही पाटी लावलेली नाही. गुगल मॅप्सवर गावाच्या नावापुढे बीवायओबी टाकून शोधा, पण खरी माहिती लोकांच्या अभिप्रायांत आणि मेन्यूत असते. मेन्यूत पेयांखाली लेमोनेड, सोडा, चहा, कॉफी एवढंच असेल आणि वाईनची यादीच नसेल, तर नव्वद टक्के काम झालं. उरलेलं दहा टक्के फोनवर. दुपारी तीन-चारला फोन करा, तेव्हा स्वयंपाकघर निवांत असतं. वाईन आणली तर चालेल का, वाईनचे ग्लास आहेत की पाण्याचेच, बर्फाची बादली मिळेल का, एवढं विचारलं की पुरे. फोन करायचाच, कारण एखाद्या गावाला स्वतःचा ठराव करून हे सगळं बंद ठेवता येतं. ओशन सिटीचंच बघा. आई-बाबांना समुद्र दाखवायला बरेच जण तिथे नेतात. हे गाव १८७९ मध्ये मेथडिस्ट पाद्र्यांनी वसवलं आणि आजही तिथे दारूविक्री नाही. रेस्टॉरंटात स्वतःची बाटली आणू द्यावी का यावर २०१२ मध्ये मतदान झालं आणि लोकांनी नाही म्हटलं.

याच्या बरोबर उलट फिलाडेल्फियाजवळचं कॉलिंग्सवूड. तिथेही रेस्टॉरंटांत दारू विकत नाहीत, पण बाटली आणायला हरकत नाही, आणि त्यामुळेच हॅडन अव्हेन्यूवर रेस्टॉरंटांची ओळच्या ओळ उभी राहिली आहे. संध्याकाळी त्या रस्त्यावर चालत गेलात तर दोन-दोन बाटल्यांच्या लांबट कापडी पिशव्या काखेत अडकवलेली माणसं दारोदार दिसतील. गावात वाईनचं दुकान नाही, म्हणून बाटली आधीच घेऊन जायची. फिलाडेल्फियाहून पॅटकोची लोकल रेल्वे थेट कॉलिंग्सवूडला थांबते आणि स्टेशनपासून पायी जाता येतं, म्हणजे गाडी कुणी चालवायची हा वाद नको. एडिसनहून मात्र सव्वा तासाचा रस्ता आहे. आई-बाबांना एवढा प्रवास नको असेल तर माँटक्लेअर हे गाव बघा, तिथेही अशी छोटी रेस्टॉरंटं भरपूर आहेत. एडिसनमधल्याच ओक ट्री रोडवर आपलं भारतीय जेवण मिळेल आणि त्यातल्या अनेक ठिकाणी बाटली चालते, पण चाळिसाव्या वाढदिवसाला मी माँटक्लेअरच निवडलं असतं. आईच्या हातचं जेवण घरी आहेच.

राज्याची हद्द ओलांडलीत की नियम बदलतात हेही लक्षात ठेवा. पेनसिल्व्हेनियात कॉर्केज घेतलं तर ते कायदेशीर आहे, आणि न्यूयॉर्कमध्ये परवाना नसलेल्या रेस्टॉरंटात बाटली नेण्यावर बरीच बंधनं आहेत.

आता बाबांच्या बाटलीबद्दल, कारण मला यातलं तेच सगळ्यात आवडलं. ती बाटली इथल्या रेस्टॉरंटांच्या यादीत सहसा सापडायची नाही, आणि स्वतःची वाईन नेण्यातला खरा आनंद तोच आहे. दुकानात १५ डॉलरला मिळणारी बाटली परवान्याच्या रेस्टॉरंटात चाळीस-पंचेचाळीसला पडते, तेवढे पैसे वाचतात हे खरं, पण ते दुय्यम. शनां ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां अशी पांढरी वाईन असेल तर घरूनच गार करून थंड पिशवीत न्या आणि मासे, शिंपले, थाई जेवण यांचं रेस्टॉरंट निवडा. शिराझसारखी लाल वाईन असेल तर मिरी लावून भाजलेलं मटण, विस्तवावरचं मांस असं काहीतरी हवं. म्हणजे आधी बाटली बघा आणि मग टेबल राखून ठेवा. बाटली बसल्या बसल्या वेटरच्या हातात द्या. खिशातून ओपनर काढून तो सराईतपणे बूच काढतो, पांढरी असली तर बर्फाच्या बादलीत ठेवतो. तरी एक ओपनर बॅगेत असू द्या, विशेषतः खूप लहान जागी जाणार असाल तर. नाशिकची वाईन आहे हे त्याला जरूर सांगा आणि शेफसाठी एक घोट देऊ करा. कामावर असताना बरेच जण घेत नाहीत, पण विचारल्याचं त्यांना बरं वाटतं.

आई घेत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. अशा ठिकाणी कुणी आग्रह करत नाही, त्यांच्यासाठी लिंबाचं काहीतरी मागवा.

टिप देताना मात्र हात आखडू नका. वाईन बिलात नसते, त्यामुळे २० टक्क्यांचा आकडाही लहान दिसतो. पण ग्लास त्यांनीच पुसून ठेवलेले असतात, बर्फ त्यांनीच आणलेला असतो आणि त्या बाटलीतून त्यांना एक पैसाही मिळालेला नसतो. मी नेहमी वर थोडे डॉलर ठेवतो, तुम्हीही ठेवा.

बाटली संपली नाही तर बूच घट्ट लावून गाडीच्या डिकीत ठेवा. उघडलेली बाटली पुढच्या किंवा मागच्या सीटपाशी सापडली तर इथे दंड होतो. आणि शनिवारचं टेबल हवं असेल तर आजच फोन करा, चाळीस खुर्च्या लवकर भरतात.