दोन वर्षं बंद पडलेल्या घरामागच्या पूलमधलं हिरवं पाणी पूर्ण उपसावं का? क्लोरीन किती लागेल?

उपसू नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नाही.

अलिबागजवळचं घर, मागे टाइल्सचा पूल, पाणी काळपट हिरवं, आणि पूलवाला म्हणतोय की सगळं काढू, ॲसिडनं धुऊ, टँकरनं भरू. भर पावसाळ्यात असा सल्ला देणाऱ्याला आधी शेजारच्या विहिरीत डोकावायला सांगा. विहिरीत पाणी जमिनीच्या जेवढं जवळ आलंय, तेवढंच ते तुमच्या पूलच्या टाकीच्या बाहेरूनही चढलेलं आहे. तळाच्या वर मीटरभर भूजल असलं की दर चौरस मीटरला एक टन रेटा खालून येतो. ८ बाय ४ मीटरच्या तळावर ३२ टन. तो आतल्या पाण्याच्या वजनानं दबून असतो. पाणी काढलं की दाबायला उरतो फक्त तळाचा स्लॅब, आणि १५ सेंटिमीटरचा स्लॅब चौरस मीटरला चारशे किलोही भरत नाही.

कर्जतकडच्या एका फार्महाउसवर नेमकं हेच झालं होतं. जुलैत टाकी कोरडी केली आणि खोल बाजूचा तळ मधोमध फुगला. टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहिल्या, तळ आणि भिंत मिळतात तो जोड उघडला आणि त्यातून गढूळ पाणी आत यायला लागलं. अशा वेळी उघडून दाब सोडणारी झडप मेन ड्रेनच्या, म्हणजे तळाच्या मुख्य निचऱ्याच्या, खड्ड्यात असते. इथे आधीच्या दुरुस्तीत ती सिमेंटनं बुजवून वर टाइल लावली होती. भूजल उतरेपर्यंत काहीच करता आलं नाही. मग जोड खाचून भरणं, टाइल्स नव्यानं, इपॉक्सी ग्राउट.

मुळात ती टाकी उपसली का? तर 'क्लोरीन लागूच पडत नाही' म्हणून. पूल सांभाळणारा ठेकेदार वर्षभर टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्यूरिक ॲसिड, सावकाश विरघळणारं क्लोरीन) २०० ग्रॅमच्या गोळ्या टाकत होता आणि पाणी हिरवं झालं की दोनच्या चार करत होता. या गोळीत क्लोरीनबरोबर त्याला उन्हापासून वाचवणारा स्टॅबिलायझर, म्हणजे सायन्यूरिक ॲसिड, येतो. १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीनमागे ६ पीपीएम. क्लोरीन खर्च होतं. स्टॅबिलायझर उन्हानं जात नाही, बाष्पीभवनानंही नाही. ४३ हजार लिटरच्या टाकीत रोज एक गोळी टाकली तर दोन महिन्यांत १५० पीपीएम साठतो. तो क्लोरीनला धरून ठेवतो, त्यामुळे शेवाळ मारायला लागणारी पातळी चढत जाते. ढोबळ हिशेब स्टॅबिलायझरच्या ४० टक्क्यांचा: ३० पीपीएमला १२ पीपीएम क्लोरीन पुरतं, १५०ला ६० लागतं. त्या माणसाकडे फक्त पिवळा रंग दाखवणारं ओटीओ किट होतं. ते एकूण क्लोरीन दाखवतं, किती मोकळं आणि किती घाणीशी अडकलेलं ते नाही. स्टॅबिलायझर तर नाहीच. पिवळा रंग दिसतोय, मग पाणीच खराब, काढा. स्टॅबिलायझर खरोखर १००च्या वर असेल तर पाणी बदलावं लागतं हे मान्य. पण ते फेब्रुवारीत, अर्धं-अर्धं करून. जुलैत नाही.

तुमच्याकडे उलट असण्याचा संभव जास्त. अलिबागला हंगामात दोन मीटरच्या आसपास पाऊस होतो, म्हणजे बहुतेक घरगुती टाक्यांच्या सरासरी खोलीपेक्षा जास्त. दोन पावसाळे उघड्यावर गेले तर स्टॅबिलायझर बराचसा वाहून गेला असणार. तरी मोजा. किटचा आकडा १००ला टेकला तर नमुन्यात तेवढंच साधं पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि दुप्पट करा.

आता तुमचा प्रश्न, क्लोरीन किती. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, मीटरमध्ये. गुणिले हजार म्हणजे लिटर. ८ बाय ४, खोली १.१ ते १.६ मीटर धरली तर ४३,२०० लिटर. एवढ्या पाण्यात १ पीपीएमसाठी १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन ४३० मिली, १२ पीपीएमसाठी (स्टॅबिलायझर ३० धरून) सव्वापाच लिटर. कॅनवर १० लिहिलेलं असलं तरी उन्हात पडून राहिलेला माल ६-७ टक्क्यांवर आलेला असतो, तेव्हा टाकल्यावर अर्ध्या तासानं मोजूनच ठरवा. स्टॅबिलायझर शून्याजवळ निघाला तर आधी सव्वा किलो, जुन्या मोज्यात भरून रिटर्नच्या, म्हणजे फिल्टरमधून पाणी परत येतं त्या पाइपाच्या, तोंडाशी टांगायचा. नाहीतर दुपारच्या उन्हात क्लोरीन तासाभरात अर्धं होतं.

त्याआधी जाळीनं पालापाचोळा काढा, तळ दिसत नसला तरी. पाल्याचा थर तसाच ठेवून क्लोरीन ओतणं म्हणजे पैसे ओतणं. तळ दिसेपर्यंत पाण्यात कोणी उतरायचं नाही. पीएच आधी ७.२वर आणा, कारण क्लोरीन १०च्या पुढे गेलं की पीएचची चाचणी खोटं वर दाखवते. मोकळं क्लोरीन गुलाबी रंगावरून मोजणाऱ्या डीपीडी किटचंही तसंच: गुलाबी रंग क्षणभर येऊन उडाला तर क्लोरीन शून्य नाही, भरमसाट आहे.

मग पंप अखंड चालू, रोज भिंती ब्रशनं घासणं, दिवसातून दोन-तीनदा मोजून पातळी परत १२वर. पाणी हिरव्याचं राखाडी होईल, ते मेलेलं शेवाळ. फिल्टरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा अर्धा बार चढला की बॅकवॉश, म्हणजे उलट्या प्रवाहानं फिल्टरची वाळू धुणं. मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या प्रवाह बदलणाऱ्या झडपेचा) दांडा पंप बंद करूनच फिरवा, नाहीतर आतलं गॅस्केट फाटतं आणि पाणी गुपचूप वेस्टच्या, म्हणजे बाहेर सोडायच्या, पाइपातून जात राहतं. तुरटी मारलीत तर बसलेला गाळ वेस्टवर ठेवूनच ओढायचा, वाळूतून नाही. मोरचूद तर नकोच, टाइल्सच्या सांध्यांत डाग बसतात. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर क्लोरीन पडताच पाणी तांबूस होतं, घाबरू नका, ते फिल्टरमध्ये अडकतं.

कधी थांबायचं? पाणी काचेसारखं, अडकलेलं क्लोरीन अर्ध्या पीपीएमच्या आत आणि रात्रीतून घट १ पीपीएमपेक्षा कमी. तिन्ही जमलं तरच. नंतर अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा क्षारपणा) ८० ते १२० पीपीएम (एवढ्या पाण्यात १० वाढवायला खायचा सोडा पाऊण किलो), हार्डनेस म्हणजे कठीणपणा २०० ते ४००, पीएच ७.२ ते ७.६, क्लोरीन ३ पीपीएम. बोअरच्या पाण्यात अल्कलिनिटी बहुधा आधीच जास्त असते. तिथे सोडा टाकणारा पूलवाला बदला.

हे सगळं सिमेंट-टाइल्सच्या टाकीला. फायबरची असेल तर उपसण्याचा धोका आणखी, ती अख्खी वर येते. ॲसिड, लिक्विड क्लोरीन आणि टीसीसीए एका खोलीत ठेवू नका. पहिल्या दोघांतून विषारी वायू सुटतो, टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (पावडरचं क्लोरीन) मिसळले तर आग. दोन वर्षं बंद पंप सुरू करण्याआधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळता करंट दिसताच वीज तोडणारा स्विच) आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. पाण्यातल्या दिव्याची वायर तोवर काढून ठेवा.