‘हे मुद्दाम करतात का हो?’

मेंदूला मार लागलेल्या माणसाच्या घरचे लोक पहिल्या भेटीत भरभरून बोलतात, पण खरं विचारायचं असतं ते उठता उठता विचारतात. त्या ताईंनीही पर्स खांद्याला अडकवली आणि म्हणाल्या, “एक विचारू? हे मुद्दाम करतात का हो?” (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

त्यांचे यजमान, वय चाळिशीच्या आसपास, जिन्यावरून घसरून कपाळावर पडले होते. मेंदूत रक्तस्राव, तातडीची शस्त्रक्रिया, मग व्हेंटिलेटर. त्या दिवसांत घरात एकच आकडा फिरत होता. ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे शुद्ध किती आहे हे ३ ते १५ गुणांत मोजायची पद्धत. १९७४ पासून डॉक्टर ती वापरतात. ८ किंवा त्याहून कमी म्हणजे गंभीर. यांचा आधी ७ होता. तो १५ झाला तेव्हा सासूबाईंनी नातेवाइकांना फोन करून सांगितलं, पूर्ण बरा झाला.

इथेच बहुतेक घरांची फसगत होते. १५ गुणांचा अर्थ एवढाच, की माणूस आपणहून डोळे उघडतो, आपण कोण, कुठे, कधी हे नीट सांगतो आणि सांगितलेली हालचाल करतो. राग आवरता येतो का, एखादं काम आपणहून सुरू करता येतं का, हे त्या आकड्यात कुठेच नसतं. ते कळतं घरी आल्यावर.

ताईंनी एका सकाळचं सांगितलं. यजमान खांद्यावर टॉवेल टाकून पलंगाच्या कडेला बसलेले. “अंघोळीला जाताय ना?” “हो, निघालोच.” बराच वेळ गेला तरी टॉवेल खांद्यावर, माणूस तिथेच. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते असे ओरडले की दारात उभी असलेली मुलगी घाबरून मागे सरली. ज्या माणसाचा आवाज कधी चढला नव्हता, तो हा. आणि त्याच संध्याकाळी पाहुणे आले तर अर्धा तास छान गप्पा मारल्या. “चारचौघांत जमतं, मग आमच्याशीच असं का?”

मी त्यांना स्पष्ट सांगितलं, नाही, हे मुद्दाम नाही. कपाळामागचा मेंदूचा भाग ठरवलेलं काम सुरू करून देतो आणि आलेला राग रोखूनही धरतो. तिथे इजा झाली की अंघोळ करायची हे माणसाला माहीत असतं, करायचीही असते, पण पहिलं पाऊल उचललं जात नाही. लोक त्याला आळस म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही. पाहुण्यांसमोरचा अर्धा तास निभावून नेताना त्यांची सगळी शक्ती खर्च होते. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा नुसत्या झोपेने भरून निघत नाही. त्याची किंमत मग घरच्यांना मोजावी लागते.

आणखी एक गोष्ट फार जड जाते. यजमानांना वाटत होतं, आपल्यात काहीच बदललेलं नाही, घरचेच उगाच कटकट करतात. हा हट्ट नव्हे. स्वतःमधला बदल ओळखायचं कामही मेंदूच करतो, आणि तेच दुखावलेलं असू शकतं. म्हणून पुरावे देऊन वाद घालू नका, असं मी प्रत्येकाला सांगते.

१८४८ साली अमेरिकेत फिनिआस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून स्फोटाने उडालेली लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण ओळखीचे म्हणू लागले, हा पूर्वीचा गेज नाही. गोष्ट सहसा इथेच थांबवतात. पुढे त्याने चिलीत काही वर्षं घोडागाडी हाकण्याचं काम केलं, हे फारसं कुणी सांगत नाही. रोज तेच काम, तीच शिस्त, तोच क्रम यामुळे तो बराच सावरला असावा, असं काही अभ्यासकांचं मत आहे. आम्हीही घरात तेच करून पाहिलं.

दिवसाचा क्रम फळ्यावर लिहिला. “जाताय ना?” विचारण्याऐवजी ताई टॉवेल हातात देऊन न्हाणीघराच्या दारापर्यंत सोबत जाऊ लागल्या. एवढ्यानेही पुष्कळदा गाडी पुढे सरकते. एका वेळी एकच आवाज ठेवायचा, म्हणजे बोलायचं असेल तर टीव्ही बंद. पाहुणे यायच्या आधी आणि गेल्यावर विश्रांती. आवाज चढू लागला की समजावत बसायचं नाही, खोलीबाहेर जायचं. मुलीला सांगितलं, बाबांचं डोकं आतून अजून बरं होतंय, तू काही चुकलेली नाहीस. हात उगारला जात असेल तर मात्र आजार म्हणून सोसत राहायचं नाही. आधी स्वतः आणि मुलं सुरक्षित, मग डॉक्टरांना फोन.

चौथ्या-पाचव्या भेटीत ताई म्हणाल्या, “मला माझा नवरा आठवतो, आणि तो तर समोरच बसलेला असतो.” पुढे बराच वेळ रडल्या. सगळे म्हणत होते, जीव वाचला, नशीब समज. त्यामुळे त्यांना दुःख करायलाही जागा उरली नव्हती. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकात युद्धात बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. माणूस गेलाही नाही आणि पूर्ण उरलाही नाही, अशा दुःखाला शेवट नसतो, म्हणून ते जास्त थकवतं, हे त्यांनी मांडलं. स्मृतिभ्रंशासारख्या आजारातल्या कुटुंबांनाही ते लागू पडतं. ताईंना मी म्हटलं, तुम्ही रडलात म्हणजे तुम्ही कृतघ्न झालात असं नाही. त्यांच्यावरची माया आणि पूर्वीच्या माणसाची आठवण, दोन्ही खरं आहे.

सुधारणा साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत वेगाने होते, पण तिथे संपत नाही, पुढची काही वर्षंही हळूहळू होत राहते. अचानक वाढलेली डोकेदुखी, सारख्या उलट्या, झटके, जास्त गुंगी किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा दिसली, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच रुग्णालय गाठा. दारू पूर्ण बंद.

आता दर आठवड्यातली एक दुपार धाकटे दीर भावाजवळ थांबतात आणि ताई बाहेर पडतात. सासूबाईंना ते पटायला वेळ लागला. यजमान स्वतःहून फळा पुसून दुसऱ्या दिवसाचा क्रम लिहितात, राग अजून येतो. त्यांना पुन्हा गाडी चालवायची आहे. त्यासाठी लक्ष आणि प्रतिसादाची तपासणी व्हायची आहे, तोपर्यंत किल्ली दिरांकडे आहे, आणि यावरून घरात अजूनही वाद होतात.