सत्तर हजारांची दक्षिणा आणि दहा लाखांची पॉलिसी

इंदूरच्या राजेंद्रनगरातून एका ६२ वर्षांच्या निवृत्त अभियंत्यांचे पत्र आले आहे. त्यांच्या एकुलत्या एका कन्येचा विवाह येत्या मार्गशीर्षात इंदुरातच आहे. जावई अमराठी आहेत. लग्न वैदिक पद्धतीने व्हावे, पण प्रत्येक विधीचा अर्थ मराठीत आणि हिंदीत सांगितला जावा, दोन्ही घरांच्या प्रथा त्यात याव्यात आणि सप्तपदीनंतर आम्ही स्वतः लिहिलेली वचने घ्यावीत, असा वधूवरांचा आग्रह आहे. त्यासाठी त्यांनी पुण्यातील एक स्त्री-पुरोहित ठरवल्या आहेत. मानधन ४५ हजार आणि प्रवास, दोन दिवसांचा मुक्काम, सहायक व छापील पुस्तिका धरून एकूण खर्च ७० हजारांच्या घरात जातो. घरचे गुरुजी हेच काम साहित्यासह ११ हजारांत करतात. इव्हेंट कंपनीने ‘वैयक्तिक विवाहसोहळा’ या नावाने दीड लाख अधिक जीएसटी असा आकडा दिला आहे. पुण्याच्या पुरोहितांना इतके पैसे देणे म्हणजे उधळपट्टी नव्हे काय, असे वाचकांनी विचारले आहे.

प्रश्न एवढाच होता. पत्राच्या शेवटच्या परिच्छेदात मात्र त्यांनी सहज लिहिले आहे: “पैशांची तशी अडचण नाही. निवृत्तीच्या ४४ लाखांपैकी ३४ लाख मुदत ठेवींत आहेत. उरलेले १० लाख गेल्या ऑक्टोबरात बँकेतल्या साहेबांनी पाच वर्षांत दुप्पट होणाऱ्या योजनेत गुंतवून दिले. लग्नाच्या १८ लाखांपैकी १० लाख त्यातूनच काढणार आहे. ‘दुसरा हप्ता ५ ऑक्टोबरला खात्यातून वळता होईल’ असा एक संदेश परवा आला, तो बहुधा चुकून आला असावा.”

सप्रेम नमस्कार.

तो संदेश चुकून आलेला नाही. आपण सोबत जोडलेल्या पावतीवर ‘वार्षिक हप्ता १०,००,०००’ आणि ‘हप्ते भरण्याची मुदत ५ वर्षे’ असे स्पष्ट छापलेले आहे. आपल्याला ठेव म्हणून जे विकले गेले, ती शेअर बाजाराशी जोडलेली विमा पॉलिसी आहे, म्हणजे युलिप. ती घेताना आपण पाच वर्षांत एकूण ५० लाख रुपये भरण्याचे मान्य केले आहे. आपली निवृत्तीची सारी पुंजी ४४ लाखांची आहे. आपले निवृत्तिवेतन महिना ५२ हजार, म्हणजे वर्षाला सव्वासहा लाखांच्या आत आहे. ज्यांचे वर्षाचे सारे उत्पन्न हप्त्यापेक्षा कमी आहे अशा निवृत्त माणसाला ही पॉलिसी विकण्याचे एकही समर्थन मला सापडत नाही, आणि ती विकणाऱ्याला हा हिशोब ठाऊक नव्हता असे मी मानत नाही.

म्हणून दक्षिणेचा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवू आणि आधी ऑक्टोबरचे पाहू.

आपल्या मनातला हिशोब असा आहे: १० लाख योजनेतून, ८ लाख ठेवींतून, लग्न पार पडेल आणि हाती २६ लाख उरतील. प्रत्यक्षात युलिपमधून पहिली पाच वर्षे एक रुपयाही काढता येत नाही आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. त्यामुळे लग्नाचे १८ लाख सगळेच्या सगळे ठेवींतून जातील आणि १६ लाख उरतील. त्याआधीच, ५ ऑक्टोबरला, दुसरा हप्ता वळता झाला तर उरतील ६ लाख. तिसरा हप्ता भरायला पैसेच नसतील. ४४ लाख घेऊन निवृत्त झालेला माणूस सव्वा वर्षात ६ लाखांवर येतो, आणि या साऱ्यात दक्षिणेचे ७० हजार कुठेही नाहीत.

‘पाच वर्षांत दुप्पट’ याविषयीही स्पष्ट सांगतो. पैसे पाच वर्षांत दुप्पट व्हायचे तर दरसाल सुमारे १५ टक्के परतावा लागतो. विमा कंपनीने सहीसाठी दिलेल्या लाभ-तक्त्यात ४ आणि ८ टक्के हे दोनच दर धरलेले असतात, आणि तेही गृहीतके म्हणून. त्यांची हमी नसते. कोणतेही शुल्क न कापता ८ टक्क्यांनी १० लाखांचे पाच वर्षांत पावणेपंधरा लाख होतात. त्यातून हप्त्यावरचे शुल्क, निधी व्यवस्थापनाचे शुल्क आणि ६२ व्या वर्षाच्या दराने लागणारे विम्याचे शुल्क वजा करायचे. करमुक्तीचे आश्वासनही पोकळ आहे, कारण फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या युलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांहून अधिक असेल तर तिच्या नफ्यावर कर लागतो. राहिला विमा. कन्या कमावती आहे आणि आपल्यामागे पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणार आहे. आपल्याला या वयात आयुर्विम्याची गरजच नव्हती.

आता काय करायचे ते क्रमाने सांगतो, कारण इथे क्रमाला महत्त्व आहे. सर्वप्रथम, या आठवड्यातच, बँकेत जाऊन त्या हप्त्यासाठी दिलेली स्वयंचलित वळतीची संमती लेखी अर्ज देऊन रद्द करावी आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. तोंडी आश्वासनावर थांबू नये. ज्या साहेबांनी पॉलिसी विकली तेच कदाचित समोर असतील आणि “हा एक हप्ता भरा, मग पुढचे पाहू” असे म्हणतील. तो एक हप्ता १० लाखांचा आहे आणि तोही पाच वर्षांच्या त्याच कुलपात जाईल.

त्यानंतर विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी तक्रार पाठवावी. एकरकमी ठेव म्हणून नियमित हप्त्यांची पॉलिसी विकली गेली, म्हणून ती सुरुवातीपासून रद्द करून पूर्ण हप्ता परत करावा, एवढीच मागणी त्यात असावी. पॉलिसीचा दस्तऐवज हाती आल्यापासून ३० दिवसांत ती विनाकारणही परत करता येते. आपल्याकडे पावती आहे, पण दस्तऐवजाचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. तो आपल्याला कधी मिळालाच नसेल, तर ही मुदत सुरूच झालेली नाही, हा मुद्दा तक्रारीत ठळकपणे मांडावा. शिवाय तीन गोष्टींच्या प्रती मागाव्यात: आपण भरलेला प्रस्ताव अर्ज, सही केलेला लाभ-तक्ता आणि पॉलिसी देण्यापूर्वी कंपनीने केलेल्या पडताळणीच्या फोनचे ध्वनिमुद्रण. मला सर्वाधिक उत्सुकता प्रस्ताव अर्जातल्या ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्याची आहे. सव्वासहा लाखांच्या निवृत्तिवेतनावर दहा लाखांचा हप्ता सहसा मंजूर होत नाही. त्यामुळे तिथे वाढीव आकडा लिहिलेला असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो आपल्या अक्षरात नसेल तर त्याहून बळकट पुरावा नाही. ‘दुप्पट’ हा शब्द ज्या संदेशात आला असेल, तो मोबाइलमधून पुसू नये.

कंपनीने महिनाभरात उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर विमा लोकपालाकडे जावे. मध्य प्रदेशासाठी हे कार्यालय भोपाळला आहे. तिथे शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, एवढे ध्यानात असू द्यावे.

समजा, तिथेही यश आले नाही. तरीही दुसरा हप्ता भरू नये. हप्ता थांबला की काही हजारांचे शुल्क कापून (कायद्याने त्याला मर्यादा आहे) आपला निधी खंडित पॉलिसींच्या निधीत जातो, तिथे किमान ४ टक्के मिळतात आणि पाच वर्षे पूर्ण झाल्यावर पैसे परत येतात. आजचे मूल्य ९ लाख ३० हजार धरले तर तेव्हा सुमारे १० लाख ९० हजार हाती येतील. हेच ९ लाख ३० हजार आजपासून ७ टक्क्यांच्या ठेवीत ठेवता आले असते तर तोपर्यंत सुमारे सव्वाबारा लाख झाले असते. म्हणजे सव्वा-दीड लाखांचे नुकसान. ते नुकसान आहेच आणि मला त्याची चीड आहे. परंतु ते टाळण्यासाठी आणखी ४० लाख त्याच पॉलिसीत घालणे हा उपाय होऊ शकत नाही.

आता लग्नाच्या अंदाजपत्रकाकडे वळू. ते दहा लाख हिशोबातून गेल्यावर १८ लाखांचे लग्न म्हणजे हाताशी असलेल्या पैशांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम दोन दिवसांत खर्च करणे होय. हा आकडा १२ लाखांवर आणावा, असा माझा आग्रह आहे. आपण पाठवलेल्या यादीत जेवणावळ आणि स्वागत समारंभ मिळून साडेआठ लाख आहेत, त्यांत साडेसहाशे पाने धरली आहेत. सजावट, प्रकाशयोजना आणि ड्रोनचे चित्रीकरण यांचे तीन लाख वेगळे. कपात तिथे करावी. १२ लाखांत लग्न झाले तर २२ लाख उरतात. त्यातले ४ लाख आजारपणासाठी आणि अडीनडीला बँकेच्या ठेवीत राहू द्यावेत आणि १८ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावेत. तिचा सध्याचा दर ८.२ टक्के आहे, कमाल मर्यादा ३० लाखांची आहे आणि गुंतवणुकीच्या वेळचा दर पाच वर्षे कायम राहतो. दर तिमाहीला सुमारे ३७ हजार, म्हणजे महिन्याला १२ हजारांहून थोडे अधिक व्याज मिळेल. त्यावर कर लागू होतो, तरी निवृत्तिवेतनाच्या जोडीला ही रक्कम आपणा दोघांना पुरेशी आधाराची आहे. मुदतीच्या आत ठेवी मोडल्यास व्याजात थोडी घट होईल, ती सोसावी.

आता आपण विचारलेला प्रश्न. पुण्याच्या पुरोहितांना अवश्य बोलवावे. १२ लाखांत ७० हजार म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी होतात, आणि ज्या कारणासाठी सारे जमणार आहेत ते कारण याच खर्चात आहे. ११ हजारांशी त्यांची तुलना करणे मला योग्य वाटत नाही. घरचे गुरुजी परंपरेने आलेला विधी मुहूर्तावर नीट पार पाडतात आणि त्या कामाचे तेवढे मोल घेतात. या ताई वधूवरांशी तीन बैठका घेणार, दोन घरांच्या प्रथांतून काय ठेवायचे ते ठरवणार, कन्यादानाऐवजी काय करायचे यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना विश्वासात घेणार आणि त्यातून पुस्तिका तयार करणार. हे कित्येक दिवसांचे काम आहे. अर्थासह संस्कार करण्याची आणि स्त्रियांनी पौरोहित्य करण्याची परंपरा पुण्यात आता चांगली रुजलेली आहे. ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने त्यासाठी रीतसर प्रशिक्षण दिले आहे. इंदूरच्या मराठी घरांत ते अजून नवे वाटते, इतकेच. इव्हेंट कंपनीचा पर्याय मात्र सोडून द्यावा. धार्मिक विधी करून देण्याच्या सेवेला जीएसटीची सूट आहे, तर कंपनीच्या दीड लाखांवर १८ टक्के लागून ते १ लाख ७७ हजार होतात, आणि त्या पैशांत विधीला कोण उभे राहील हेही त्यांनी आपल्याला कळवलेले नाही.

ताईंशी चार गोष्टी लेखी ठरवून घ्याव्यात: आगाऊ रक्कम पाव भागाहून अधिक नको, प्रवासाचे तिकीट आपण काढून द्यावे, त्या आजारी पडल्यास त्यांच्या जागी कोण येणार त्यांचे नाव आधी कळावे, आणि आदल्या दिवशीचे पुण्याहवाचन, देवक व ग्रहमख त्या करणार की घरचे गुरुजी. शेवटचे काम गुरुजींकडेच द्यावे, असे मला वाटते. त्यांचा मान राहतो आणि ताईंचा एक दिवसाचा मुक्काम वाचतो.

विधी बेतताना एका गोष्टीवर तडजोड नको. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या सातव्या कलमानुसार विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढ विधींनी व्हावा लागतो आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवे पाऊल पडल्यावर तो पूर्ण होतो. विधीच झालेला नसेल तर केवळ नोंदणीच्या कागदाने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. वधूवरांची स्वतःची वचने सप्तपदीनंतर जरूर यावीत, सप्तपदीच्या जागी नकोत. तिची छायाचित्रे आणि लग्नपत्रिका जपून ठेवावी, आणि मुले पुण्याला परतण्यापूर्वी नगर निगममध्ये विवाहाची नोंदणी करून घ्यावी. व्हिसा, वारसा आणि कुटुंब निवृत्तिवेतन या प्रत्येक ठिकाणी पुढे तोच कागद मागितला जातो.

कन्येने ७० हजार स्वतः देऊ केले होते आणि मुलीच्या कमाईतले पैसे तिच्याच लग्नाला कसे घ्यायचे म्हणून आपण नकार दिला, असेही आपण लिहिले आहे. हा नकार मागे घ्यावा. विधी त्या दोघांनी निवडला आहे आणि त्याची दक्षिणा देण्याची त्यांची इच्छा मनापासूनची आहे. त्याच वेळी तिला या पॉलिसीविषयीही सर्व सांगावे. विमा कंपनीला पाठवायच्या तक्रारीचा मसुदा तिच्याकडून संगणकावर नीट लिहून घ्यावा आणि ५ ऑक्टोबरपूर्वी तो रवाना करावा.