एक स्वयंपाक, चार ताटे

“मॅडम, एकाच्या पथ्यासाठी घरात दोन-दोन स्वयंपाक कसे करायचे?” हा प्रश्न कोल्हापुरातील माझ्या समुपदेशन कक्षात इतक्या वेळा विचारला जातो की, त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले. विचारणारी व्यक्ती बहुधा स्वतः रुग्ण नसते. ती रुग्णाची पत्नी, सून किंवा आई असते, आणि तिच्या पर्समध्ये ओट्स, सूप व उकडलेल्या भाज्यांचा एखादा छापील तक्ता घडी करून ठेवलेला असतो. माझे मत पहिल्यापासून असे आहे की, आहाराचा सल्ला एका माणसाला देऊन भागत नाही, तो घराला द्यावा लागतो. आणि घर तो तेव्हाच मानते, जेव्हा स्वयंपाक एकच राहतो.

सुनंदाताईंचे उदाहरण सांगते. (नाव व काही तपशील बदलले आहेत.) पतीला मधुमेह निघाला होता आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. सासूबाईंचे दात पडलेले, मुलगा तालमीत जाणारा, आणि स्वतः सुनंदाताईंचे हिमोग्लोबिन कमी. मात्र ही शेवटची गोष्ट त्यांनी मी विचारल्यावरच सांगितली.

“दिवसभरात काय काय होतं?”

“सकाळी पोहे, नाहीतर उप्पीट. दुपारी भाकरी, बटाट्याची भाजी, आमटी-भात. रात्री पण तेच, भाकरीऐवजी चपाती. ह्यांचा भात बंद केलाय, म्हणून एक भाकरी जास्तीची वाढतो मी.”

“आणि तुम्ही?”

“माझं काय, उरंल ते खातो.”

पुढच्या भेटीला त्यांना घरातली रोजची वाटी, आमटीचा डाव आणि डब्यात त्या दिवशीची आमटी आणायला सांगितले. टेबलावर मी ज्वारीचे पीठ, तांदूळ, पोहे, रवा, कणीक, तूरडाळ, मटकी, शेंगदाणे, दही, चाकवत, बटाटा आणि पेरू असे जिन्नस लहान भांड्यांतून मांडले आणि एकसारखे काम करणारे पदार्थ एकत्र ठेवायला सांगितले. त्यांनी पीठ, तांदूळ, पोहे, रवा, कणीक एका बाजूला ठेवले आणि बटाटा भाज्यांत ठेवला. बटाट्यात पिष्टमय भागच अधिक असतो, हे सांगून मी तो उचलून पिठाशेजारी ठेवला. त्या बराच वेळ त्या भांड्यांकडे पाहत राहिल्या.

“म्हणजे पोहे, भाकरी, बटाटा, भात... दिवसभर आम्ही एकच जिन्नस खातोय की!”

मग आम्ही डब्यातली आमटी गाळून पाहिली. वाटीभर आमटीत गाळणीवर जेमतेम दोन चमचे डाळ उरली. कोल्हापुरी जेवणात पातळ आमटी, कट आणि रस्सा यांना मान आहे, आणि तो असावाच. पण वाटी भरलेली दिसते म्हणून पोटात डाळ गेली असे होत नाही. तीस ग्रॅम डाळीची साधारण एक वाटी घट्ट आमटी होते, हे त्यांना त्या गाळणीने जितके पटले, तितके माझ्या कोणत्याही व्याख्यानाने पटले नसते. घरात ताटाचे प्रमाण खाणारा ठरवत नाही, वाढणारा ठरवतो, हे मी अनेक घरे पाहून शिकले आहे. म्हणून मोजमाप रुग्णाला पाठ करायला न लावता ते वाढणाऱ्या हाताला द्यावे, यावर माझा भर असतो, आणि हा मार्ग सहसा टिकतो.

मोजमापासाठी मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेले दिवसाचे ताट वापरते. सुमारे 2000 कॅलरींच्या आहारासाठी त्यात धान्ये 250 ग्रॅम, डाळी व कडधान्ये 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, फळे 100 ग्रॅम, दूध किंवा दही 300 मिलिलिटर, शेंगदाण्यासारख्या तेलबिया व सुकामेवा 35 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम असे प्रमाण आहे; धान्ये आणि डाळी कच्च्या वजनाने धरायच्या. हे आकडे सुनंदाताईंच्या घराला लावले, तेव्हा चौघांना दिवसाला सुमारे 340 ग्रॅम डाळी-कडधान्ये लागतात, असे निघाले. शिजत होती याच्या निम्म्याहून कमी. तेल महिन्याला साडेतीन लिटर पुरायला हवे होते, आणि लागत होते सहा लिटर. रस्श्यावरची तर्री नेमकी किती असते, ते या हिशेबात दिसले.

यानंतर स्वयंपाक एकच ठेवून फक्त वाढणे बदलले. भाकरी, मटकीची घट्ट उसळ, शेपू, पोकळा किंवा कांद्याची पात यांपैकी एक भाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि दही, एवढेच साधे जेवण. पतीच्या ताटात आधी दोन वाट्या भाजी व कोशिंबीर, दीड वाटी उसळ आणि मग एक भाकरी. भात हवा असेल तर भाकरी अर्धी. सासूबाईंसाठी तीच भाकरी आमटीत कुस्करायची आणि तीच भाजी जरा जास्त शिजवून, घोटून द्यायची. मुलाला त्याच ताटात दोन भाकऱ्या अधिक, अंडी आणि गंगावेशीतून येणारे दूध. सुनंदाताईंचे ताट इतरांच्या बरोबरीनेच वाढायचे, त्यात पालेभाजीवर लिंबू पिळायचे आणि जेवणाला लागून चहा घ्यायचा नाही, कारण लिंबामुळे लोह शोषले जाते आणि चहामुळे त्यात अडथळा येतो. त्यांच्यासाठी सर्वांत अवघड ठरली ती हीच गोष्ट. पतीची भाकरी कमी करणे त्यांना त्यामानाने सोपे गेले.

गुळाबद्दलही इथे सांगायला हवे, कारण आपल्या जिल्ह्याच्या गुळाचा आपल्याला रास्त अभिमान आहे. मधुमेहात साखर बंद करून गूळ मोकळेपणाने खाल्ला जातो. परंतु गुळानेही रक्तातील साखर जवळपास तशीच वाढते, त्यामुळे तो साखरेच्याच हिशेबात धरावा. रविवारच्या मटणाला मी कधीच मनाई केली नाही. फोडी चौघांत सारख्या वाटाव्यात, तांबड्यावरची तर्री डावाने बाजूला सारावी आणि नारळाच्या दुधाचा पांढरा रस्सा एकच वाटी घ्यावा, एवढेच सांगितले.

तीन महिन्यांनी पतीच्या साखरेची सरासरी कमी आली. त्यात गोळ्यांचा मोठा वाटा आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. मला अधिक समाधान वाटले ते निराळ्याच गोष्टीचे: सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “आता ही बसल्याशिवाय मी पण घास घेत न्हाई.” असा बदल कोणत्याही तक्त्यात लिहिता येत नाही.

ज्यांना हे आपल्या घरी करून पाहायचे आहे, त्यांनी आधी एक आठवडा काहीही न बदलता डाळ, तेल आणि पीठ किती लागते ते मोजावे. भाकरी किंवा भात कमी करण्यापूर्वी, इन्सुलिन अथवा मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील, तर डॉक्टरांना तसे सांगावे, कारण साखर एकदम उतरू शकते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र डाळ, दूध आणि मांसाचे वरील प्रमाण परस्पर स्वीकारू नये. त्यांचे ताट तपासण्यांचे अहवाल पाहून वेगळे ठरवावे लागते.