माझं उत्तर: युरो २००४ ची फायनल, ग्रीस १, पोर्तुगाल ०

प्रश्न असा आहे की कुणीच गिनती न केलेल्या टीमनं फायनल मारलेली, तुम्ही स्वतः बघितलेली सगळ्यात भारी फुटबॉल मॅच कोणती. माझ्यासाठी एकच, युरो २००४ म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, तिची लिस्बनमधली फायनल, ग्रीस विरुद्ध पोर्तुगाल.

मी तेव्हा नववीत होतो, सोलापुरात अशोक चौकाजवळ राहायचो. मॅच ४ जुलैची पण आपल्याकडं सुरू व्हायला रात्रीचे सव्वाबारा, आणि सकाळी शाळा. काका लूमवर कायम दुसऱ्या पाळीला असायचे म्हणून सुट्टीच्या दिवशीपण त्यांना लवकर झोप यायची नाही, ते उठून बाहेर आले आणि म्हणाले, "झोपला नाहीस होय बे, कोण खेळलालेत?" मी सांगितलं पोर्तुगाल जिंकणार, त्यांच्याच घरात मॅच आहे, फिगो आहे, डेको आहे, १९ वर्षांचा रोनाल्डो आहे.

आणि ग्रीस म्हणजे त्याआधी १९८० ची युरो आणि १९९४ चा वर्ल्डकप खेळलेली टीम, दोन्हीत मिळून एकपण मॅच जिंकली नव्हती. पण याच स्पर्धेच्या पहिल्याच मॅचला त्यांनी पोर्तुगालला २-१ हरवलं होतं, ते सगळ्यांनी नशीब म्हणून सोडून दिलं, मीपण. मग स्पेनशी १-१, रशियाशी १-२ हरले, आणि स्पेनचे नि यांचे पॉइंट सारखे, मारलेले वजा खाल्लेले गोल, म्हणजे गोलफरकपण सारखा, फक्त यांनी गोल जास्त मारले होते म्हणून पुढं गेले. रशियाविरुद्ध ०-२ मागं असताना व्र्यझासनं तो एक गोल मारला नसता तर घरीच जाणार होते. त्यानंतर फ्रान्सला १-० हरवलं, चेकला १-०.

काकांना फुटबॉलचं काही कळायचं नाही पण पंधरा-वीस मिनिटं बघून ते म्हणाले, "हे कुणालाच मोकळं सोडंनात की बे." मी इतक्या मॅच बघून जे मला दिसलं नव्हतं ते त्यांना दिसलं. ग्रीसचा जर्मन कोच ओट्टो रेहागेलनं माणसाला माणूस लावून दिला होता, त्या काळात लोक त्याला जुनाट पद्धत म्हणायचे. हाच माणूस, ज्यानं नुकतीच वरच्या लीगमध्ये आलेली कायझर्सलाउटर्न टीम घेऊन त्याच सीझनला, १९९८ ला, बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची वरची लीग, जिंकली होती. आणि ग्रीसचा कोच म्हणून पहिल्याच मॅचला फिनलंडकडून १-५ मार खाल्ला होता, तिथून तीन वर्षात इथपर्यंत.

सत्तावन्नाव्या मिनिटाला उजवीकडून ग्रीसला कॉर्नर, बासिनासनं बॉल टाकला, पोर्तुगालचा गोलकीपर रिकार्डो पुढं आला पण त्याच्या हाताला लागलाच नाही, ग्रीसच्या खारिस्तेआसनं पोर्तुगालच्या कोस्टिन्याच्या वरून उडी मारून हेडर घातला, डोक्यानं गोल. मी ओरडलो आणि आजी जागी झाली. तोपर्यंत मी पोर्तुगालकडून होतो, त्या क्षणी ग्रीसकडून झालो ते आजपर्यंत. उरलेला अर्धा तास पोर्तुगाल नुसतं चढत होतं, ग्रीसचा गोलकीपर निकोपोलिदिस अडवत होता, आणि मी नि काका दोघं उभं राहून बघत होतो.

काही जण म्हणतात कंटाळवाणी टीम, नशिबानं जिंकली. मला हे अजिबात पटत नाही आणि रागपण येतो. फ्रान्स, चेक, पोर्तुगाल, तिन्ही वेळा १-०, तिन्ही गोल हेडरनं, आणि तीन मॅचमध्ये स्वतः एकपण गोल खाल्ला नाही. एकदा होतं ते नशीब, तीनदा होतं ती तयारी. स्पर्धेतला बेस्ट प्लेअरपण त्यांचाच कॅप्टन झागोराकिस ठरला, खारिस्तेआस नाही, यावरूनच कळतं की ती टीम कशावर चालत होती.

आता रविवारी सकाळी मी गल्लीतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. नवीन पोरगं आलं की मी मोबाईलवर आधी तो कॉर्नर दाखवतो, पण बॉल बघू नको म्हणतो, खारिस्तेआस पळायला कुठून सुरुवात करतो ते बघ. बहुतेक पोरं परत मागं घ्यायला लावतात.