प्रश्न तुमचे, पाणी टाकीचं: फिल्टर लख्ख धुतला आणि मासे धापा टाकायला लागले

प्रश्न: ताई, आमच्याकडे ६० लिटरची टाकी आहे, तीन गोल्डफिश आहेत. टाकीच्या आत बसवायचा मोटरवाला फिल्टर आहे. गेल्या रविवारी त्याचा स्पंज तपकिरी आणि बुळबुळीत झालेला दिसला. भांड्यांच्या साबणाने नळाखाली चोळून धुतला, उन्हात वाळवला. त्याच दिवशी सगळं पाणीही बदललं. मंगळवारपासून मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करताहेत, काल एक मेला. पाणी तर आरपार दिसतंय. माझं काय चुकलं?

उत्तर: मासा गेल्याचं वाचून वाईट वाटलं. उरलेल्या दोघांसाठी काय करायचं ते आधी सांगते, कारण मागाहून.

आजच पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि टाकीतल्या पाण्याइतक्याच तापमानाचं हवं. उद्या पुन्हा बदला, परवाही बदला. दोन-तीन दिवस खायला घालू नका. उपासाने गोल्डफिशला काही होत नाही, पण खाल्लेल्या प्रत्येक कणाचा अमोनिया होऊन तो त्याच पाण्यात उतरतो. एअर पंप असेल तर चोवीस तास चालू ठेवा. फिल्टरही चालूच राहू द्या, त्याला आता हात लावू नका. कुणाची जुनी, निरोगी टाकी माहितीत असेल तर त्यांच्या फिल्टरमधल्या स्पंजचा एक तुकडा मागून घ्या. त्यांच्याच पाण्यात बुडवून ओला आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये खुपसा. यापेक्षा लवकर लागू पडणारं औषध मला माहीत नाही.

आता कारण. तुम्ही जो तपकिरी बुळबुळीतपणा घालवलात, त्यात नुसता मळ नव्हता. त्यात जिवाणूंची वस्ती होती. मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात, आणि अमोनिया त्यांच्यासाठी विष आहे. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो. तेही विषच. माशाच्या रक्तात शिरून ते रक्ताची प्राणवायू वाहायची ताकदच काढून घेतं. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो, ते बरंच सौम्य असतं आणि पाणी बदलताना निघून जातं. या दुसऱ्या कामाचं श्रेय पूर्वी नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पिरा करतात, हे १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आलं. दोन्ही गट फार सावकाश वाढतात, म्हणून नवी वस्ती जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तुमच्या स्पंजावरची वस्ती साबण, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आणि ऊन अशा तिघांनी मिळून संपवली. अमोनिया आणि नायट्राइट दोन्हींना रंग नसतो, त्यामुळे पाणी आरपार दिसलं तरी ते सुरक्षित असेलच असं नाही. दोन्हींचं टेस्ट किट आणा आणि दोन्ही आकडे शून्यावर येऊन टिकेपर्यंत रोज मोजा.

माझ्याकडे साबण नव्हता, तरी हेच घडलं होतं. माझ्या पहिल्या फिल्टरच्या खोक्यावर ‘दर महिन्याला स्पंज बदला’ असं छापलेलं होतं. मी तसं केलं. आठ निऑन टेट्रा होते, तीन आठवड्यांनी तीन उरले. तेव्हापासून स्पंज अक्षरशः तुटायला लागल्याशिवाय मी टाकत नाही. टाकायची वेळ आलीच, तर नवा स्पंज आधी महिना-दीड महिना जुन्याच्या शेजारी ठेवते आणि मगच जुना काढते.

धुवायची माझी पद्धत साधी आहे. आधी प्लग काढते. पाणी बदलताना टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घेते, त्यात स्पंज चार-पाच वेळा पिळते. पाणी चहासारखं होतं. स्पंज तपकिरीच राहतो, आणि तो तसाच राहायला हवा. आपल्याला फक्त अडकलेला गाळ काढून वाट मोकळी करायची असते. सिरॅमिक रिंग (जिवाणूंना बसायला फिल्टरमध्ये ठेवतात त्या सच्छिद्र कड्या) असतील तर त्याच पाण्यात दोन-तीन महिन्यांनी नुसत्या हलवून घ्यायच्या, आणि त्याही स्पंजाच्या दिवशी नाही. अॅक्टिव्हेटेड कार्बनचं, म्हणजे पाण्यातला रंग-वास शोषणाऱ्या कोळशाचं काम मात्र काही आठवड्यांत संपतं. तो ठेवणार असाल तर बदलावा लागतो, पण रोजच्या टाकीला त्याची गरज नसते.

कधी धुवायचं ते मी तारखेवरून ठरवत नाही. बाहेर पडणारी धार मंदावली की धुते. गोल्डफिश खूप खातात आणि खूप घाण करतात, त्यामुळे तुमच्याकडे ही वेळ लवकर येईल. आणि मनापासून सांगते, तीन गोल्डफिशना ६० लिटर कमीच होतात, दोघांनाही पुढे मोठी टाकी लागेल. पाणी थोडं असलं की फिल्टरची एक चूकही मासे सोसू शकत नाहीत.

प्रश्न: फिल्टर घरघरतोय. मोटर गेली का?

उत्तर: बहुतेक नाही. प्लग काढा, झाकण उघडून आतला चुंबकाचा छोटा पंखा बाहेर ओढा. त्याला केस, शेवाळाचा धागा किंवा क्षाराची पुटं चिकटलेली असतील. तो आणि त्याचा खळगा जुन्या टूथब्रशने घासा. हा भाग लख्ख केला तरी चालतो, वस्ती इथे फारशी नसतेच. क्षार निघत नसेल तर पंखा तासभर व्हिनेगरमध्ये ठेवून भरपूर पाण्याने धुवा. बारीक दांडा जपा, सिरॅमिकचा असला तर चटकन मोडतो. पंख्याची पाती झिजली असतील तर नुसता पंखा वेगळा मिळतो.

प्रश्न: आवाजाने झोप लागत नाही म्हणून रात्री फिल्टर बंद ठेवला तर चालेल का?

उत्तर: नको. त्या जिवाणूंना प्राणवायू वाहत्या पाण्यातून मिळतो. पाणी थांबलं की ते गुदमरू लागतात, आणि टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये तर आतलं पाणी काही तासांत कुजायला लागतं. वीज बराच वेळ गेली असेल तर असा डबा तसाच सुरू करू नका. आधी आतलं पाणी ओतून टाका, स्पंज आणि रिंग टाकीच्या पाण्यात खळबळून घ्या, मग चालू करा. आवाजाचं म्हणाल, तर पाणी उंचावरून पडत असेल. टाकी थोडी वरपर्यंत भरून पाहा.